भीड भिकेची बहीण

निवृत्त माध्यमिक शिक्षक. वय सत्तरीच्या आसपास, निवृत्तिवेतन बेताचे पण नियमित, मुलगी लग्न होऊन परगावी. गुडघे दोन वर्षांपासून कुरकुरत आहेत. रात्री झोप येईना म्हणून भ्रमणध्वनी हाती घ्यावा, तर पडद्यावर शुभ्र दाढीचे एक गृहस्थ अवतरतात. मागे धन्वंतरीची तसबीर, शेजारी गोमातेचे चित्र, गळ्यात रुद्राक्ष. गुडघ्यातील आटलेले वंगण एकवीस दिवसांत पुन्हा निर्माण करणारी वनस्पतिजन्य गोळी, तीन डब्यांचा ‘संपूर्ण कोर्स’, आणि सवलत केवळ पुढील दहा मिनिटे. गुरुजी नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक भरतात. सकाळी एका मुलीचा गोड आवाजात फोन येतो. ‘काका, ऑर्डर पक्की करू ना?’ काका हो म्हणतात.

दुपारी लेकीशी बोलताना विषय निघतो. ‘बाबा, कंपनी कोणती? तिचा पत्ता काय? डॉक्टरांना विचारलंत का?’ यातील एकाही प्रश्नाचे उत्तर बाबांपाशी नसते. ते सकाळच्या क्रमांकावर फोन करतात आणि ऑर्डर नको असल्याचे सांगतात. आता त्याच मुलीचा आवाज बदललेला असतो. ‘काका, तुम्ही शब्द दिला होतात. तुमच्या नावाने माल निघालाय. आता नाही म्हणालात तर कंपनीच्या वकिलांची नोटीस येईल.’ चौथ्या दिवशी कुरियरवाला खोके घेऊन दारात उभा राहतो. समोरच्या बिऱ्हाडाचे दार उघडेच असते. गुरुजी निमूट पैसे मोजतात, खोके कपाटाच्या तळाशी ठेवतात आणि मुलीला सांगतात, ‘रद्द केली गं ऑर्डर.’

हे गुरुजी कोणी एक नव्हेत. गावोगावच्या घरांत, थोड्याफार फरकाने, असे गुरुजी आणि अशी खोकी आहेत. कुठे गुडघ्यांऐवजी मधुमेह असतो, कुठे केसगळती, कुठे व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलाचा प्रोटीनचा डबा. या व्यवहारात गोळ्या हा दुय्यम भाग आहे. असा विक्रेता खरा जगतो तो ग्राहकाच्या भिडेवर. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण मराठी माणसाला पाठ असते, परंतु ‘तुम्ही शब्द दिला होतात’ हे वाक्य कानी पडताच ती आठवत नाही. दिलेला शब्द पाळावा, हा मध्यमवर्गीय घरातील संस्कार आहे आणि तो चांगलाच आहे. प्रश्न एवढाच, की ज्याने स्वत:चा पत्ता, परवाना आणि डब्यातील घटकद्रव्ये यांपैकी काहीही खरे सांगितलेले नाही, त्याला दिलेला होकार हा ‘शब्द’ ठरतो काय?

पैशापुरते नुकसान असते तर एक वेळ सोडून देता आले असते. परंतु ही वस्तू पोटात जाणारी आहे. भारतात पूरक आहारद्रव्ये, म्हणजे लोक ज्यांना सप्लिमेंट म्हणतात ती, २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याच्या कक्षेत येतात. त्यांच्यासाठी २०१६ मध्ये स्वतंत्र नियमावली झाली आणि २०२२ मध्ये ती नव्याने आली. कायद्याच्या लेखी ही द्रव्ये ‘अन्न’ आहेत, औषध नव्हेत. म्हणूनच डब्यावर ती औषधी वापरासाठी नसल्याचे छापलेले असते. आयुर्वेदीय औषधांचा मार्ग निराळा. ती १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली येतात आणि त्यांच्या उत्पादनाचा परवाना राज्याचे औषध प्रशासन देते. लबाड विक्रेता या दोन वाटांच्या मधल्या बांधावरून चालतो. जाहिरातीत तो रोग बरा करतो. रोग बरा करणारे औषध असेल तर औषधाचा परवाना दाखव म्हटले, की ‘हा तर पूरक आहार’ असे उत्तर येते. आणि आहार असेल तर रोगाचा दावा कशाला केलास म्हटले, की ‘हे प्राचीन आयुर्वेदाचे ज्ञान’. मधुमेह, लठ्ठपणा, लैंगिक दुर्बलता अशा कितीतरी व्याधींवर इलाज असल्याची जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्याने मनाई केलेली आहे. सत्तर वर्षांचा हा कायदा आणि रात्री बाराच्या त्या चित्रफिती, दोन्ही एकाच देशात सुखेनैव नांदतात.

डब्यात नेमके काय असते? पुष्कळदा काहीच नसते, आणि तो त्यातल्या त्यात सुदैवाचा प्रकार. २०२४ मध्ये ‘मेडिसिन’ या नियतकालिकात भारतीय बाजारातील ३६ प्रथिन-पूरकांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे ७० टक्के उत्पादनांच्या वेष्टनावर प्रथिनांची माहिती चुकीची होती, तर सुमारे १४ टक्क्यांत बुरशीजन्य अफ्लाटॉक्सिन हे विष आढळले. याहून घातक प्रकार म्हणजे ‘नैसर्गिक’ म्हणवणाऱ्या गोळीत छुपे आधुनिक औषध मिसळणे. सांधेदुखीच्या पुडीत स्टेरॉइड घातले की चार दिवसांत गुडघा खरोखरच हलका वाटतो आणि विक्रेत्याची कीर्ती होते. रक्तातील साखर आणि रक्तदाब वाढणे, हाडे ठिसूळ होणे, हे पुढचे सगळे मात्र घरच्या डॉक्टरांच्या पदरी पडते. डॉक्टरांना पुडीविषयी कोणी सांगितलेलेच नसते. वजन घटवणाऱ्या गोळ्यांत सिब्युट्रामाइन सापडण्याचे प्रकार अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार जाहीर केले आहेत. हृदयाला धोका असल्याने ते औषध तेथे २०१० मध्ये बाजारातून काढले गेले आणि २०११ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. ‘पौरुषवर्धक’ गोळ्यांत सिल्डेनाफिल मिसळलेले आढळते. छातीत दुखण्यावर नायट्रेटची गोळी घेणाऱ्या रुग्णाचा रक्तदाब या दोहोंच्या संयोगाने धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो.

आयुर्वेदाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. २००८ मध्ये अमेरिकी वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात इंटरनेटवरून विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली आणि त्यांपैकी सुमारे एक पंचमांश उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक सापडले. अमेरिकेत बनलेला माल आणि भारतात बनलेला माल यांत फारसा फरक नव्हता. तथापि बदनाम झाला तो आयुर्वेद. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, अज्ञात औषधाची तुलना विष, शस्त्र, अग्नी आणि वज्राशी केली आहे. जाणून घेतलेले औषध तेवढे अमृतासारखे. चरकाचे चित्र डब्यावर छापणाऱ्याने चरकाचे हे सांगणे वाचलेले नसते. डबा घेणाऱ्याने तरी वाचावे.

शब्दाच्या मुद्द्याकडे पुन्हा वळले पाहिजे, कारण अडचण तेथे आहे. एकदा घेतले ते घेतले, आता माघार घेणे शोभत नाही, ही समजूत आपल्या परंपरेतून आली असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. हिंदू व्यवहारशास्त्रात खटल्यांचे जे अठरा विषय सांगितले, त्यांत ‘क्रयविक्रयानुशय’ हा एक स्वतंत्र विषयच आहे. अनुशय म्हणजे खरेदी वा विक्री केल्यानंतर झालेला पश्चात्ताप. असा पश्चात्ताप झाल्यास दहा दिवसांच्या आत वस्तू परत द्यावी वा घ्यावी, असे मनुस्मृतीचा आठवा अध्याय सांगतो. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात हीच मुदत माणसाच्या धंद्यानुसार ठरवली: व्यापाऱ्यांना एक रात्र, शेतकऱ्यांना तीन, गोपालांना पाच. ज्याला बाजाराची जाण अधिक त्याला मुदत कमी, असा त्याचा सरळ अर्थ दिसतो. याज्ञवल्क्याने वस्तूनुसार परीक्षेचे दिवस दिले. लोखंडाला एक, दुभत्या जनावराला तीन, ओझ्याच्या जनावराला पाच, रत्नांना सात आणि बियाण्याला दहा. लोखंडाचा दोष लगेच कळतो, गाय किती दूध देते हे कळायला दोन-तीन धारा काढाव्या लागतात आणि बियाणे रुजते की नाही हे पाहण्यास आठवडा उलटावा लागतो. (त्याच श्लोकात दासदासींच्या परीक्षेचेही दिवस आहेत. तो भाग लाजिरवाणा आहे आणि तो झाकून बाकीचे मिरवण्याचे कारण नाही.) चालुक्यांच्या कल्याणी नगरीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ लिहिली, ती पुढे शतकानुशतके न्यायदानात प्रमाण मानली गेली. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात हा सारा विषय ज्यांना पाहायचा त्यांना पाहता येईल.

नारदस्मृतीने तर हिशेबही दिला आहे. घेतलेली वस्तू त्याच दिवशी जशीच्या तशी परत केली तर काही द्यावे लागत नाही. दुसऱ्या दिवशी किमतीचा तिसावा हिस्सा सोडावा लागतो, तिसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, त्यानंतर मात्र वस्तू घेणाऱ्याचीच. आणि हेही सांगितले, की घेणाऱ्याने आधी स्वत: पारखून घ्यावे, पारखून, पसंत करून घेतलेली वस्तू मग परत करता येत नाही. म्हणजे विक्रेत्याचाही विचार झालेला आहे. समारंभात साडी मिरवून दुसऱ्या दिवशी ती ‘मापात बसत नाही’ म्हणून धाडणाऱ्या ग्राहकाला या शास्त्रात आश्रय नाही. परंतु ज्या व्यवहारात पारखण्याची संधीच नव्हती, वस्तू डोळ्यांनी पाहिलीच नव्हती, तेथे फिरवलेला होकार शब्दभंग ठरत नाही.

आजचा कायदाही गुरुजींच्याच बाजूने उभा आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. खोटी माहिती देऊन मिळवलेली संमती रद्द करता येते, हे १८७२ च्या करार कायद्यात आहे. न पाहिलेला माल तपासण्याची वाजवी संधी ग्राहकाला मिळाली पाहिजे, हे १९३० च्या माल विक्री कायद्यात आहे. ऑर्डर नाकारणे हा गुन्हा नव्हे. फार तर तो दिवाणी वाद होईल, आणि ज्या विक्रेत्याला स्वत:चा पत्ता छापण्याचे धैर्य नाही तो न्यायालयात जाऊन पत्ता सांगणार नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला आणि पाठोपाठ ई-कॉमर्सचे नियम आले. ग्राहकाची संमती स्पष्ट असली पाहिजे, आधीच खूण केलेल्या चौकटीतून ती गृहीत धरता येत नाही. कंपनी स्वत: ऑर्डर रद्द करताना जे शुल्क सोसत नाही, ते ग्राहकाकडूनही घेता येत नाही. बनावट, सदोष अथवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हावे लागते. विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन स्वत:च्या मालाची स्तुती लिहिणेही निषिद्ध आहे. ते किती पाळले जाते हा भाग वेगळा.

नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रीतील तेरा फसव्या क्लृप्त्यांची यादी प्रसिद्ध करून त्यांना मनाई केली. खोटी घाई लावणे हा त्यांतील एक प्रकार. ‘पुढील दहा मिनिटे’ हे त्याचेच उदाहरण. वर्गणीत अडकवून बाहेर पडण्याची वाट दुस्तर करणे हा दुसरा. परंतु सर्वांत बोलका आहे तो ग्राहकाला लाजवून होकार घेण्याचा प्रकार. विमानाच्या तिकिटासोबत विमा नको असेल तर ‘मी असुरक्षित राहीन’ अशा अर्थाच्या वाक्यावर बोट ठेवायला लावणे, असे त्याचे उदाहरण त्या मार्गदर्शिकेत आहे. भीड हे विक्रीचे हत्यार आहे, ही गोष्ट सरकारच्या राजपत्रानेच मान्य केली.

आता रद्द कसे करावे. जेथे रोख रक्कम दारात द्यायची आहे तेथे सर्वांत स्वच्छ मार्ग म्हणजे खोके न स्वीकारणे. एकदा पैसे कुरियरवाल्याच्या हाती गेले, की ते परत मिळवणे दुरापास्त. कुरियरवाल्यावर मात्र रागावू नये, तो बिचारा हमाली करतो. खोके येण्यापूर्वी संकेतस्थळावर किंवा ई-पत्राने ‘ऑर्डर रद्द करीत आहे’ असे लेखी कळवून त्याचे चित्र जपून ठेवावे, कारण फोनवरच्या बोलण्याला पुरावा नसतो. पैसे आधीच कार्डाने गेले असतील तर बँकेला त्वरित लेखी कळवावे, उशीर ग्राहकाच्या अंगावर येतो. दरमहा आपोआप पैसे कापण्याची परवानगी नकळत दिली गेली असेल, तर तीही काढून घेता येते. ऑक्टोबर २०२१ पासून अशा कपातीपूर्वी किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे.

आणि याच वाटेवर दुसरा चोर बसलेला असतो. विक्रेत्याचा तक्रार क्रमांक मिळेना म्हणून लोक तो इंटरनेटवर शोधतात आणि सापडतो तो भामट्याने पेरलेला क्रमांक. ‘पैसे परत करतो, फक्त हे ॲप उतरवून घ्या’, ‘आलेला ओटीपी सांगा’, ‘यूपीआयचा पिन टाका म्हणजे रक्कम जमा होईल’, अशी त्याची भाषा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो लागतो केवळ देण्यासाठी. चार हजार रुपयांची गोळी रद्द करायला निघालेला माणूस या वाटेवर निवृत्तीची पुंजी घालवून बसतो. असे घडलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. विक्रेत्याविरुद्धच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. तेथे दाद लागली नाही तर ग्राहक आयोगात आपल्या राहत्या जिल्ह्यातूनच तक्रार करता येते. वकील लागत नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही.

डब्यावरचा चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक सरकारी संकेतस्थळावर पडताळता येतो. तो पडताळावाच. मात्र त्यावरून व्यवसायाला परवाना आहे एवढेच कळते. त्या डब्यातील गोळी कोणी तपासली आहे, असा त्याचा अर्थ नव्हे.

या साऱ्यात एक अप्रिय प्रश्न राष्ट्रीय विचाराच्या घरांनी स्वत:ला विचारला पाहिजे. ती चित्रफीत धन्वंतरी, गोमाता आणि रुद्राक्ष यांनीच का सजवलेली असते? कारण फसवणाऱ्याला ठाऊक आहे, की याच घरांत ती चिन्हे पाहताच प्रश्न विचारणे थांबते. ‘स्वदेशी’, ‘परकीय औषध कंपन्यांचे कारस्थान’, ‘ऋषिमुनींचे दडवलेले ज्ञान’ हे शब्द आले, की परवाना मागणाऱ्यालाच अश्रद्ध ठरवले जाते. स्वदेशीचा आग्रह हा मालाच्या गुणवत्तेची हमी मागण्याचा आग्रह होता. तिच्या नावाखाली कोणाच्याही डब्याला सूट देण्याची तिची शिकवण नव्हती. धान्य, तेल, मीठ, सुगंधी द्रव्ये आणि औषधी यांत त्याच रंगाची भेसळ करणाऱ्याला बारा पण दंड सांगणाऱ्या कौटिल्याने, त्या भेसळीवर कोणत्या देवतेचे चित्र आहे हे विचारलेले नाही.

याच विचारविश्वातून ग्राहक चळवळही उभी राहिली, हे नव्या पिढीला फारसे ठाऊक नसते. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली, तेव्हा देशात स्वतंत्र ग्राहक कायदा नव्हता. तो यायला २४ डिसेंबर १९८६ हा दिवस उजाडावा लागला. मुंबईत त्या कामाच्या उभारणीत संगीतकार सुधीर फडके यांच्यासारखी माणसे होती. शेजारच्या कुटुंबांचे छोटे संघ करायचे, महिन्याची यादी एकत्र करायची, माल पारखून घाऊक घ्यायचा आणि आपसात वाटून घ्यायचा, अशी ती रीत होती. त्या रीतीत चार घरांच्या डोळ्यांखालून गेल्याविना वस्तू स्वयंपाकघरात येत नसे. आजचा ग्राहक मध्यरात्री, एकटा, अंधाऱ्या खोलीत खरेदी करतो आणि फसला तर तेही एकट्याने लपवतो. त्या शिक्षकांनी लेकीला खोटे सांगितले ते पैशांसाठी नव्हे. ‘एवढे शिकलेले असून फसलात?’ हे वाक्य त्यांना ऐकायचे नव्हते. ते वाक्य घरोघरी उच्चारले जाते, आणि विक्रेत्याच्या वकिलाच्या नोटिशीपेक्षा त्याचीच धास्ती अधिक असते.

सरकारकडूनही एक मागणी बाकी आहे. युरोपीय संघाच्या देशांत ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू, कारण न सांगता, चौदा दिवसांत परत करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. भारतातील ऑनलाइन ग्राहकाला असा सरसकट हक्क नाही. माल सदोष वा फसवा आहे हे दाखवावे लागते, आणि सीलबंद गोळीतील दोष प्रयोगशाळेशिवाय दाखवणार कसा? किमान आरोग्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या, सील न तोडलेल्या वस्तूंपुरती तरी दहा दिवसांची मुदत कायद्याने द्यावी. दहा हा आकडा युरोपातून आणण्याची गरज नाही, तो मनूकडेच आहे. तोवर संघ कार्यालये, ज्येष्ठ नागरिक संघ आणि ग्राहक पंचायतीच्या शाखांनी आठवड्यातून एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवावी. शेजारच्या आजी-आजोबांनी आपला भ्रमणध्वनी आणि कपाटातली खोकी घेऊन यावे. तेथल्या एखाद्या तरुणाने हसू न येऊ देता परवाना क्रमांक पडताळावा, रद्द करण्याचे दोन ओळींचे पत्र त्यांच्यासमोर लिहावे आणि ऑर्डर अजून वाटेवर असेल, तर खोके दारात येईल त्या दिवशी त्यांच्या शेजारी उभे राहावे.